डाव्या बाजूची फिल्म

तात्यांनी पिशवीतून पहिला तुकडा काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

“हे काय आहे?”

“जुनी फिल्म. डाव्या बाजूची. तुम्हीच म्हणालात ना, घरी असेल तर घेऊन या.”

“मी फिल्म म्हणाले होते. तुम्ही कोडं आणलंत.”

शेजारच्या खुर्चीत काकू ताठ बसल्या होत्या. मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. सकाळी मशीनने त्यांच्या छातीचे नवे फोटो काढले होते आणि डाव्या बाजूला मिरीएवढा गोल पांढरा ठिपका दिसला होता. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. हाच ठिपका सात वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्येही एवढाच असेल, तर तो बिचारा मुकाट बसलाय, त्याला बसू द्यावं. नसेल, तर तो नवा आहे. मग सुई घालून त्याचा कण काढून तपासायला हवा. ‘तपासायला’ हा शब्द ऐकताच तात्या घराकडे पळत सुटले होते. परत आले तेव्हा घामाने निथळत होते, आणि तो सगळा घाम पळण्याचा नव्हता.

“कापली कोणी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तात्या खिडकीबाहेर बघू लागले.

“यांनी,” काकू म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी ग्रहण लागलं होतं. अख्ख्या गल्लीला दाखवायची हौस. माझ्याच कात्रीने चार तुकडे केले.”

“मॅमोग्राफीच्या फिल्ममधून ग्रहण? अहो, डोळे जातात त्याने!”

“नाही हो गेले,” तात्या पुटपुटले.

“अक्कल आधीच गेली होती ना, मग डोळे राहिले.” काकूंनी चेन खर्रकन लावली. “माझी छाती गल्लीतल्या एकेका पुरुषाने डोळ्याला लावली, डॉक्टर. वर म्हणत होते, काय सुंदर दिसतंय!”

डॉक्टरीणबाईंनी हसू गिळलं आणि भिंतीवरच्या पेटीचा दिवा लावला. पांढऱ्या उजेडावर एकेक तुकडा चिकटपट्टीने बसवला. एक तुकडा घरीच होता. एक न्हाव्याच्या आरशामागून निघाला होता. एक शिंपीणबाईंनी खडूने रेघा मारण्यासाठी पट्टी म्हणून ठेवला होता. तिन्ही जुळले. खालचा बाहेरचा कोपरा तेवढा मोकळा राहिला. तिथून पेटीचा उजेड थेट डोळ्यांवर येत होता.

“ठिपका असलाच तर याच कोपऱ्यात असणार. चौथा कुठाय?”

“विमाकाकांकडे,” तात्या म्हणाले. “मागितला, पण हातातून सोडेनात. म्हणाले, मी स्वतः घेऊन येतो.”

दारावर टकटक झाली. गल्लीतल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी विमा विकू पाहिलेले विमाकाका इस्त्रीच्या शर्टात आत आले. तुकडा प्लास्टिकच्या पाकिटात होता आणि पाकीट छातीशी धरलेलं होतं.

“देतो, पण आधी माझं ऐकून घ्या,” ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. “हा पुरावा आहे. त्या दिवशी मला सूर्यावर एक ठिपका दिसला. तेजस्वी! सूर्यापेक्षा तेजस्वी! मी ओरडून सगळ्यांना सांगितलं. ज्याने त्याने आपापल्या तुकड्यातून बघितलं आणि मलाच खुळ्यात काढलं. वेधशाळेला दोनदा कळवलं, उत्तर नाही.”

तात्यांना काहीच उमगलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र हात पुढे केला, तो तसाच राहिला.

“आजूबाजूपेक्षा जास्त उजेड येत होता? एकाच जागेतून?”

“एकाच. गोल, आणि कड कशी, अगदी नाण्यासारखी!”

“द्या.”

त्या आवाजापुढे विम्याच्या धंद्यातला माणूसही गप्प झाला. पाकीट उघडलं. तुकडा मोकळ्या कोपऱ्यात बसला. डॉक्टरीणबाईंनी भिंग घेतलं, मोजपट्टी लावली, वळून कॉम्प्युटरचा पडदा बघितला, पुन्हा पट्टी लावली. काकूंची चेन थांबली होती. तात्यांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, पण ऐन वेळी एकही देव आठवेना.

“आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तोच, तिथेच, तेवढाच. सात वर्षांत केसभरही वाढलेला नाही.”

“मग सुई?” तात्यांनी विचारलं.

“नको. पुढच्या वर्षी नेहमीसारख्या फोटोला या. आणि आजचे फोटो कात्रीपासून लांब ठेवा.”

तात्या मटकन खाली बसले. खुर्ची जरा डावीकडे होती. विमाकाकांनी त्यांना काखेत हात घालून उठवलं, पण त्यांचं लक्ष तात्यांकडे नव्हतं.

“म्हणजे सूर्यावर काहीच नव्हतं?”

“नव्हतं, काका. फिल्मवर पांढरा ठिपका म्हणजे काचेसारखी मोकळी जागा, तिथून उजेड आरपार येतो.”

“पण काहीतरी होतं!”

“होतं.”

“मी म्हणतच होतो!” विमाकाका चष्मा कपाळावर चढवून पेटीकडे निघाले. डॉक्टरीणबाईंनी चटकन हात आडवा धरला आणि काकूंकडे बघितलं.

“बघू देत,” काकू म्हणाल्या. “आता कसली लाज? दोन वर्षं तेच तर बघतायत.”

विमाकाका वाकले. तात्याही वाकले. डॉक्टरीणबाई पेनाच्या टोकाने दाखवू लागल्या. तीन डोकी एकमेकांना लागली आणि पेटीचा उजेड झाकला गेला.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“सरका जरा,” काकू म्हणाल्या. “मी अजून बघितलेला नाही.”