घर बंद

कोर्टाच्या जाळीच्या दारात कुणीतरी आंब्याचा टहाळ खोचला होता. तो कोटाच्या बाहीला अडकला आणि सरकारी वकील ममताबाई वैतागल्या. झाडलोट करणाऱ्या गोजाबाईंना तो काढून टाकायला सांगून त्या आत गेल्या. धुळवडीच्या सुटीनंतरचा पहिलाच दिवस, त्यात डोक्याला फागी नावाच्या साक्षीदाराचा ताप.

तीन वर्षांपूर्वी पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर येऊन एका मुकादमानं फागीचा उजवा हात मोडला होता. त्याच्या वीटभट्टीवर यायला ती नाही म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. बघणारं दुसरं कोणी नव्हतं. फागी साक्षीला उभी राहिली तर मुकादम आत, नाहीतर तो मोकळा.

आणि फागी काही सापडत नव्हती. दिवाळी झाली की ती दुसऱ्या कुठल्यातरी भट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. मुकादमाचा वकील पक्का बेरकी. त्याचा अशील पावसाळ्यात हमखास आजारी पडे आणि दिवाळीनंतर ठणठणीत होई. हवालदार तुळशीदास समन्स घेऊन डोंगर चढायचा आणि दरवेळी तेच लिहून आणायचा, 'घर बंद. साक्षीदार मिळून आली नाही.'

आज शेवटची तारीख होती. पुकारा तीनदा झाला. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ममताबाईंचा तोल सुटला.

"या लोकांनाच न्याय नको असेल, तर सरकारनं किती धावायचं, साहेब?"

जेवणाच्या सुटीआधीच मुकादम सुटला. जाताना त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना झालं.

बाहेर पायरीवर गोजाबाई डबा खात बसल्या होत्या. शेजारी तो टहाळ, पानं अजून हिरवी. अजून टाकला कसा नाही, म्हणून बाईंनी हटकलं.

"टाकवला नाय, बाई. आमच्याकडं कोणाचं घर बंद दिसलं, की दारात टहाळ खोचतात. येऊन गेलो, म्हणून."

कोण येऊन गेलं, ते बाईंनी सहजच विचारलं.

"ती पोशेऱ्याची फागी. हात मोडलेली. दर शिमग्याला येते, भट्टीवरून तेवढीच दोन दिवस सुटी. काल दुपारपर्यंत इथंच बसली होती, मग गाडीची वेळ झाली. मागच्या साली मी कोर्टातल्या बाबूंना सांगितलं, तर ते हसले."

ममताबाई टहाळाशेजारी पायरीवर बसल्या. धुळवडीला कोर्ट बंद असतं, हे फागीला कुणी सांगितलं कसं नाही, असं त्यांनी विचारलं.

"सांगितलं की. तिला खरं वाटत नाय. म्हणते, शिमग्याला कोण आपलं घर बंद ठेवतं?"