तेरावा स्पीकर

अॅम्प्लिफायरने बारा स्पीकर मोजायचे होते. त्याने तेरा मोजले.

रुई-थिंगने टीव्हीवरच्या ओळी पुन्हा वाचल्या. ‘तेरावा : मागे. अंतर : ४.१ मीटर.’ मागे ४.१ मीटरवर स्वयंपाकघर होतं. तिथून त्याची घरमालकीण, थ्साई मावशी, नैवेद्याच्या उकडलेल्या कोंबडीचं ताट घेऊन नुकतीच बाहेर आली होती. आत आता कोणी नव्हतं.

त्याच्या खोलीतला ध्वनिमिश्रणाचा कॉम्प्युटर आणि हॉलमधलं मावशीचं होम थिएटर, यांच्यामध्ये त्याने दुपारीच केबल ओढली होती. दिग्दर्शकाचं म्हणणं, लोक सिनेमा घरी बघणार, तर घरच्या यंत्रावर ऐकूनच पाठव. सहापर्यंत. नाहीतर काम तैपेईच्या माणसाकडे जाईल. सिनेमा भुताचा होता. त्यात भूत दिसत नाही, नुसतं चालतं. छतावर, पाठीमागे, डावीकडून. आणि शेवटचं पाऊल बरोबर समोर.

“हे मघापासून काय किंचाळतंय रे?” मावशीने विचारलं.

“मोजणी चाललीय. खुर्चीत डोक्याच्या उंचीवर माइक ठेवायचा. मग एकेक स्पीकर लांब शीळ घालतो, आणि यंत्र त्याचं अंतर काढतं.”

मावशीने ताट टीपॉयवर ठेवलं.

“शीळ? सातव्या महिन्यात? अरे गाढवा, भाऊबंद सुटलेत ना सगळे! एका शिळेला एक येतो. तू तर बारा कोपऱ्यांतून आवतण दिलंस.”

चांद्र वर्षाच्या या महिन्यात पाताळाची दारं उघडतात, पण ताइनानमध्ये कोणी बाहेर पडलेल्यांना भूत म्हणत नाही. भाऊबंद म्हणतात. ऐकू गेलं तर राग नको.

“केबल सैल असेल,” रुई-थिंग म्हणाला. त्याने बाराही स्पीकरच्या तारा घट्ट केल्या आणि पुन्हा मोजणी लावली. ‘तेरावा : मागे. २.६ मीटर.’

“सैल केबल चालत येते का रे?”

त्याने तिसऱ्यांदा मोजलं. मोजायला नको होतं, हे त्याला बटण दाबतानाच कळलं. या वेळी ‘मागे’ हा शब्द नव्हता. ‘तेरावा : खुर्ची. ०.० मीटर.’

पाच वाजून गेले होते. मिश्रण तपासायचं तर त्याच खुर्चीत बसून. घरात बारा स्पीकर नीट ऐकू येतील अशी ती एकच जागा.

“त्याला उठवता येईल का?” त्याने हळूच विचारलं.

“देवळापुढच्या नाटकात पहिली रांग रिकामी कुणासाठी ठेवतात?”

“त्यांच्यासाठी.”

“मग हो मागे. आणि आवाज नीट ठेव, पाहुणे आलेत.”

तो खुर्चीमागे जमिनीवर बसला. मावशी त्याला खेटून बसली, एका हातात पेटती उदबत्ती, दुसऱ्यात त्याचा शर्ट. त्याने सिनेमाची शेवटची वीस मिनिटं लावली. पावलं छतावर आली. मागे उतरली. डावीकडून फिरली. स्वतः रचलेली पावलं, एकेक त्याच्या ओळखीचं. तरी त्याच्या दाढा वाजू लागल्या. शेवटचं पाऊल समोर पडलं.

“आई गं!” मावशी ओरडली. “माझ्या पायावर पाय देऊन गेलं कोणीतरी!”

सगळं शांत झालं. त्याने पुन्हा मोजणी लावली. एकामागून एक बारा शिळा झाल्या.

‘तेरावा : मागे. ४.१ मीटर.’

“मागे गेला,” रुई-थिंग म्हणाला. “मावशी, तो घाबरला! घाबरून स्वयंपाकघरात पळाला!”

“बिचारा,” मावशी म्हणाली. “जेवला पण नाही.”

रुई-थिंगच्या छातीवरचं ओझं उतरलं. मिश्रण जमलं होतं. इतकी खरी दाद तैपेईच्या माणसाला जन्मात मिळाली नसती. सहाला दहा कमी होते. पाठवायला म्हणून तो उठला, तेवढ्यात टीव्हीवर आणखी एक ओळ आली.

‘चौदावा : समोर. अंतर : ०.७ मीटर.’ शेवटचं पाऊल पडलं होतं, तिथेच.

मावशीने उदबत्ती पुढे धरली. धूर वर जाईना.

मागे, स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लागली.