हात पाठीमागे

"धक्का कायले देता वो बाई? लाईन मीबी लावली हाये."

"कालची पोट्टी मले लाईन शिकवते!"

हिरासिंगनं मान वर केली आणि त्याचा जीव हरखला. ढाणकीच्या जत्रेत, त्याच्या पिनबॉलच्या मशीनसमोर, दोघीजणी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात होत्या. एक चाळिशीची, ठसठशीत कुंकवाची. दुसरी कॉलेजातली, जिभेला हाड नसलेली.

मशीन म्हणजे काचेखालची उतरती पेटी. लोखंडी गोळी वर उडायची, दिव्यांना धडकत खाली यायची. दोन बाजूंची दोन बटणं दाबली की खालच्या पट्ट्या हलायच्या आणि गोळी पुन्हा वर जायची. अख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं मशीन नव्हतं. त्यामुळे सराव कोण कुठं करणार?

आणि हिरासिंगसारखा कायदेबाज मालकही दुसरा नव्हता. गोळी पडली की बाजूला व्हायचं. खेळणाऱ्याला शिकवायचं नाही. मशीनला ढोसायचं नाही. नुसतं बघायला पैसे नव्हते, काचेपाशी दिवसभर उभं राहा, पण हात पाठीमागे बांधून. या एका गोष्टीत तो सख्ख्या भावाचंही ऐकायचा नाही. चेहरे तो विसरायचा. माणूस ओळखायचा तो हातांवरून.

तंबूच्या दाराशी लाल सायकल टांगलेली होती. एका गोळीत लाखाचा आकडा गाठेल त्याची ती. कापसानं दगा दिल्यापासून जत्रेतले पाळणे रिकामे फिरत होते, पण सायकलीच्या आशेनं लोक हिरासिंगकडे यायचेच. ती गेली की त्याचा धंदा बसला. म्हणून त्यानं खास रीत काढली होती. सायकलीचा डाव जोडीनं खेळायचा. एकाकडे डावं बटण, दुसऱ्याकडे उजवं. आणि रांगेतून जोडी निवडणार हिरासिंग.

त्याची निवड बघण्यासारखी असायची. सासूला तो सुनेशी जोडायचा. निवडणुकीत पडलेल्याला निवडून आलेल्याशी. गोळी मध्यावर आली की दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे आणि गोळी सरळ भोकात जायची. सायकलीच्या टायरला अजून माती लागली नव्हती.

"कुठल्या तुमी?" त्यानं विचारलं.

"झरीकडून आलो, पाव्हणी हाये," थोरली म्हणाली.

"मी बाभुळगावची," पोरगी म्हणाली. "कॉलेज लय दूर पडते, मले सायकल पायजेच. पण या बाईसंग नाही खेळत मी."

"मी तरी कायले खेळू? तोंडाले लगाम नाही हिच्या."

गर्दीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक माणूस घाईघाईनं पुढे आला. "हिरासिंगभाऊ, यायले जोडू नको बाप्पा. मशीनची काच फुटन. मी खेळतो ना कोण्या एकीसंग."

झालं! आता तर हिरासिंगला राहवेना.

"रीत म्हणजे रीत," तो म्हणाला. "हेच जोडी खेळन."

दोघी तोंडं फिरवून बटणांशी उभ्या राहिल्या. हिरासिंगनं सवयीनं हात पाहिले. ओळखीचे नव्हते. थोरलीच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं, कशाखाली तरी चेचलेलं. हा अंगठा काय बटण दाबणार! तिचं झंपर आणि पोरीच्या ओढणीची किनार एकाच फुलाफुलांच्या कापडाची होती, पण त्यात नवल नव्हतं. त्या साली स्वस्तातलं तेच ठाण गावोगाव खपलं होतं.

गोळी सुटली.

थोरलीनं अंगठा वापरलाच नाही, तळवा वापरला. गोळी वर गेली. खाली आली तेव्हा पोरीनं परतवली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. गोळी बरोबर मध्यावर आली, जिथं आजवरची प्रत्येक जोडी फसली होती. थोरलीचा हात थांबला आणि पोरीनं मारली. पुढच्या खेपेला पोरगी थांबली.

आकडा चढत गेला. पाळण्यातली माणसं उतरून आली. जनरेटरवाला जनरेटर सोडून आला. हिरासिंगला घाम फुटला. त्यानं देवाचा धावा केला, पण देवही बहुधा गोळीच बघत होता.

लाखाचा आकडा लागला आणि मशीनवरचे सगळे दिवे एकदम पेटले. लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या, म्हाताऱ्यासुद्धा टाळ्या पिटू लागल्या. कापूस हरल्यापासून ढाणकीत कोणी काही जिंकलं नव्हतं.

हिरासिंगचं तोंड एवढंसं झालं. पण शब्द म्हणजे शब्द. त्यानं सायकल खाली काढली, आणि काढता काढता त्याला सुचलं: सायकल एक, वैरिणी दोन!

"आता हे कोणाची?" तो गोड आवाजात म्हणाला. "दोघी मिळून ठरवा. नाही जमलं तर राहीन इथंच."

पोरगी टांग टाकून सीटवर बसली. हिरासिंग थोरलीच्या थपडेची वाट बघू लागला. थोरलीनं पदर खोचला आणि मुकाट्यानं मागच्या कॅरिअरवर बसली.

"घट्ट धर, माय," पोरगी म्हणाली, आणि दुपट्टेवाल्याकडे वळून ओरडली, "बाबा, तुमी मांगून पैदल या. आन् इथं पाहू पाहू मायनं सरावाले खिळे ठोकून बनवलेली थे फळी आता चुलीत घाला!"