दोन ओळींच्या मधली जागा

"ताई, आवाज कसा एका पातळीत पाहिजे. ही कुठे ओरडते, कुठे पुटपुटते. चांगला दाबून टाका," गायिकेचा नवरा म्हणाला आणि स्टुडिओतल्या सोफ्यावर ऐसपैस बसला. गायिका त्याच्या शेजारी, अगदी कडेला. गाणं तिने घरीच रेकॉर्ड केलं होतं. सगळी सोय त्यानेच करून दिली होती.

मिक्सिंग करणाऱ्या ताईंना ही दाबादाबी मुळीच पटत नसे. त्यांची रीत निराळी. आधी एकेक ओळ ऐकत आवाज कमीजास्त करणारा सरकता फेडर हाताने वरखाली करायचा, मग मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर नावापुरता. पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? त्यांनी हेडफोन चढवले आणि कॉम्प्रेसर चांगला आवळला. मोठा आवाज खाली बसला, तसं त्यांनी सगळंच वर उचललं. आता बारीकसारीकही ऐकू यायला लागलं. श्वास, कपड्यांची सळसळ, खुर्चीची कुरकुर.

पहिलं कडवं संपलं आणि मधल्या मोकळ्या जागेत हेडफोनमध्ये एक पुरुष बोलला. हळू, अगदी गोड आवाजात.

"पुन्हा चुकलीस तर आजही इथेच कोंडून ठेवीन. कालच्यासारखं."

"नाही चुकणार," गायिका म्हणाली, आणि लगेच पुढची ओळ सुरात उचलली.

ताईंनी हेडफोन एका कानावरून सरकवला, तर तोच गोड आवाज पाठीमागून आला.

"झालं का? स्पीकरवर लावा की. आम्हालाही ऐकू दे."

"जरा थांबा, अजून कच्चं आहे."

"कच्चं तर कच्चं." तो उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

आता नाही म्हणायची सोय नव्हती. ताईंनी स्पीकर चालू केले आणि बोट फेडरवर ठेवलं. आपण ऐकलंय हे याला कळलं, तर आपलं जाऊ दे, घरी गेल्यावर या पोरीचं काय होईल? ओळ संपली की फेडर खाली, ओळ आली की वर. मधल्या जागेतलं काही म्हणता काही बाहेर पडू द्यायचं नाही. उभा जन्म हेच केलं होतं त्यांनी. तरी एका ठिकाणी बोट जरा मागे राहिलं आणि "पुन्हा" एवढं निसटलंच.

"ते काय होतं?"

"खरखर. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये येतं असं काहीबाही," ताई म्हणाल्या.

गायिकेने मान वर केली. तिने फेडरवरचं बोट पाहिलं, मग ताईंचा चेहरा. ताईंनी सगळं ऐकलंय, हे तिला कळलं.

"बाकी झकास," नवरा म्हणाला. "पुढची गाणीपण घरीच करू. काय गं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"घरचं नाही चालणार," ताई बोलून गेल्या. "ही खरखर निघत नाही. दुसरं कडवं पुन्हा घ्यावं लागेल, आत्ताच." त्यांनी काचेपलीकडची खोली दाखवली. "आत गाणारी एकटीच लागते. दुसरं कुणी असलं की त्याचा श्वासही येतो."

त्याने बायकोकडे पाहिलं, मग काचेकडे. काचेतून आतलं सगळं दिसत होतं.

"जा," तो म्हणाला.

जाड दार बंद झालं. ताईंनी स्पीकर बंद केले; आतला आवाज आता फक्त त्यांच्या हेडफोनमध्ये येत होता. गायिका काचेकडे पाठ करून माइकसमोर उभी राहिली, अगदी ओठ टेकतील इतक्या जवळ.

"ताई, आज मला घरी जाऊ देऊ नका. तो जिवंत ठेवणार नाही मला."

नवऱ्याचा हात ताईंच्या खुर्चीच्या पाठीवर येऊन टेकला. "काय म्हणतेय?"

"पट्टी विचारतेय."

ताईंनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि आतल्या खोलीत ऐकू जाणाऱ्या माइकवर त्या म्हणाल्या, "हं, म्हणा पुन्हा. मला सगळं नीट ऐकू येतंय."