गुलामभाईंचा बैल

२००६ साली आमच्या यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पेरणीच्या दिवसांत रिकाम्या हातानं फिरायची यांना लाज वाटे, म्हणून बैल हरवल्याचं सोंग करून खांद्यावर दावं टाकून जात. पण त्या वर्षी दोर घेऊन एकटा शिवारात गेलेला माणूस परत येईलच, असं नव्हतं. शेजारचे गुलामभाई शिंपी धापा टाकत मागे पळाले.

"नत्थू, दावं दे मले!"

"अरे, मी चालून राहिलो फक्त. डॉक्टरनं सांगतलं."

गुलामभाई मटकन बांधावर बसले. "उद्यापासून मीबी येतो. कोनी पुसलं तं सांग, गुलामचा बैल हरवला."

शिंप्याकडे कुठला बैल! गुलामभाई जाऊन बरीच वर्षं झाली. हे अजून चालतात, रिकाम्या हातानं. कोणी विचारलंच तर म्हणतात, "गुलामचा बैल शोधून राहिलो."