पानावरचं अंडं

दीपालीचा बाप झिंगू कुऱ्हाड लागलेला पाय पसरून जेवायला बसला. "आज तरी अंडं दे वो," तो म्हणाला.

"महिना झाला, भरून नाई राह्यली. अंड्यानं जखम अजून पिकते जी," म्हणत आईनं नुसती पेज वाढली.

रात्री ताप चढला, तो त्याला घेऊनच गेला.

जखमेला काय खावं, हे दीपालीनं वाचलं होतं. पण आधी आईशी वाद नको म्हणून, आणि आता तिला जन्मभर टोचेल म्हणून, ती गप्प राहिली.

झिंगूच्या दिवसकार्याच्या स्वयंपाकात आईचा हात भाजला. पळसाच्या पानावर तिनं झिंगूच्या नावानं अंड्यांचा निवद मांडला. उरलेलं एक दीपालीनं तिच्यापुढे धरलं.

"मले नको. जखम पिकते."



"पिकत नाई आई, अंड्यानं जखम भरते. बाबाचीही भरली असती."