खिशातला हात

पिंपरीच्या कारखान्यातली बासष्ट सालची पहिली पत्रा दाबायची प्रेस खंडेनवमीला रंगवून गेटपाशी मांडली. कंपनीला वीस वर्षं झाली म्हणून इतिहासाचं पुस्तक निघणार होतं आणि फोटोला सगळ्यात जुना कामगार हवा होता. साहेबराव इस्त्रीचा सदरा घालून आला. याच प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली होती. प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्यावरच चालायची, म्हणजे हात आत राहू नये. माल झपाट्यानं निघावा म्हणून थोरल्या शेठनीच एक बटण सुतळीनं दाबून बांधायला लावलं होतं. आता धाकट्या शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “उजवा हात खिशात घाला, साहेबराव. घरचंच कार्य आहे.” त्यानं घातला, वर हसलाही. छापलेलं पुस्तक त्यानं अख्ख्या चाळीत मिरवलं. मग लेकीला म्हणाला, “माझ्या फोटोखाली काय लिवलंय, मोठ्यानं वाच.” तिनं वाचलं: “वीस वर्षांत एकही अपघात नाही.”